हवा मोजायचं मीटर: अडीच महिने कोपरखैरण्यात, तीन आठवडे तुर्भ्यात

ज्यांना फक्त घ्यावं की नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते. घरात कुणाला दमा असेल आणि खिडक्या बंद करता येतील असं घर असेल तर घ्या. आकडे बऱ्यापैकी खरे दाखवतं. माझ्याकडून ५ पैकी साडेतीन. खिडक्या बंद करता येतील असं घर हे उगाच लिहिलेलं नाही, पुढे येईल ते.

ब्रँड विचारू नका, ऑनलाइन तीन-चार वेगवेगळ्या नावांनी हेच पांढरं खोकं विकतात, वरचा स्टिकर फक्त बदलतो. मला ४,७९९ ला पडलं, दिवाळीचा सेल संपल्यावर घेतलं त्यामुळे अर्थातच महाग पडलं, आमच्या घरात खरेदी नेहमी सेल संपल्यावरच होते. घेतलं ते मुलासाठी, सात वर्षांचा आहे, थंडी सुरू झाली की छातीत घरघर, रात्री दोनला उठून वाफ द्यायची, हे तिसरं वर्ष. डॉक्टर म्हणाले हवेकडे लक्ष द्या. आता नवी मुंबईत, कोपरखैरण्यात राहून हवेकडे लक्ष द्यायचं म्हणजे नक्की काय करायचं, गॅलरीत उभं राहून बघत बसायचं का, म्हणून मग हे मीटर.

दिसायला साबणाच्या मोठ्या वडीएवढं. आत एक बारका पंखा एका बाजूने हवा ओढतो, त्या हवेवर लेझरचा प्रकाश पडतो, जितके कण जास्त तितका प्रकाश विखुरतो आणि त्यावरून ते पीएम २.५ किती याचा हिशोब करतं. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर त्याच्या पंचवीस-तीस पट बारीक. नाकातल्या केसात अडकतो तो जाडा धुरळा, हे सरळ फुफ्फुसाच्या तळापर्यंत उतरतात आणि त्यातले काही रक्तात जातात, म्हणून हवा खराब असली की नुसता खोकला नाही, हार्ट अटॅक आणि स्ट्रोकपण वाढतात.

आता तक्रारी. पहिली म्हणजे दमट हवा. हवेत ओल जास्त असली की कण फुगतात आणि मशीन उगाच जास्त दाखवतं. बाथरूमचं दार उघडं ठेवून गरम पाण्याने आंघोळ करा, हॉलमध्ये प्रदूषण दिसेल. त्यामुळे पावसाळ्यात यावर विश्वास ठेवू नका. पावसाळ्यात तशीही पावसाने हवा धुतलेली असते. दुसरी तक्रार मोठी आहे, याला गॅस कळत नाही. वाशी-कोपरखैरण्याच्या लोकांची रात्रीच्या केमिकलच्या वासाची तक्रार किती जुनी आहे ते इथल्यांना सांगायला नको, एका रात्री बारा वाजता असा वास आला की डोळे चुरचुरायला लागले आणि हे आपलं हिरवा दिवा लावून २८ दाखवत शांत बसलंय. कण मोजायचं मशीन आहे, सॉल्व्हंटची वाफ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड यातलं काही त्याला दिसतच नाही, खोक्यावर मात्र 'संपूर्ण हवा तपासणी' लिहिलंय. अर्धा स्टार इथे कापला.

तिसरी गोष्ट सेटिंगची, ही नीट वाचा. बाय डिफॉल्ट यात अमेरिकन एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा निर्देशांक) असतो. आपला आणि त्यांचा एक्यूआय एक नाही. एका घनमीटर हवेत पीएम २.५ चे ५० मायक्रोग्रॅम असतील तर आपल्या हिशोबाने एक्यूआय ८३ च्या आसपास येतो, म्हणजे 'समाधानकारक', त्यांच्या हिशोबाने १३७ च्या आसपास, म्हणजे दमेकरी, लहान मुलं, म्हातारी माणसं यांना त्रासाचा. हवा तीच! म्हणून मी एक्यूआय बंद करून सरळ मायक्रोग्रॅम ठेवलं, यापुढचे सगळे आकडे तेच आहेत. लक्षात ठेवायचे आकडे दोनच, चोवीस तासांच्या सरासरीला आपल्याकडची मर्यादा ६० आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची १५.

तर आमच्या घरातले आकडे. डिसेंबरात सकाळी सातला गॅलरीत ९५ ते ११०. आत हॉलमध्ये खिडक्या लावून, प्युरिफायर एक तास चालवून १२. (प्युरिफायर वेगळा आहे, ११ हजाराचा, मागच्या वर्षी घेतलेला, वर १८ टक्के जीएसटी, जणू स्वच्छ हवा म्हणजे चैनीची वस्तू.) मिरचीच्या फोडणीला चिमणी बंद असेल तर २६०, चिमणी लावली की वीस मिनिटांत ४० वर. उदबत्तीने ११०, देवाने माफ करावं, आता सकाळची एकच लावते आणि तीपण गॅलरीत. महाप्याला ऑफिसात २५, ठाणे-बेलापूर रोडवर रिक्षात १७०-१८०. मशीनचा खरा उपयोग हाच, प्रदूषण म्हणजे दिल्लीच्या बातमीतलं काहीतरी असं वाटायचं, ते चिमणीच्या बटणापर्यंत येतं. मुलाची घरघर यावर्षी कमी आहे, श्रेय मीटरला द्यायचं की डॉक्टरने बदललेल्या दम्याच्या पंपाला (इनहेलरला) ते माहीत नाही, दोघांना अर्धं अर्धं देऊ.

इथे खरंतर रिव्ह्यू संपायला हवा होता.

आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात, सहा वर्षं झाली. तुर्भे स्टोअरच्या बाजूला राहतात, मूळच्या जालन्याकडच्या. सकाळी फोडणी दिली की मीटर लाल होऊन पीं पीं करायला लागायचं, एक दिवस त्या वैतागून म्हणाल्या, "काय वो ताई, मी फोडणी टाकली की हे का वरडतंय?" मी सांगितलं धूर मोजतं म्हणून. त्या म्हणाल्या, "आमच्या हितं आणलं तर फुटंल मग." हसलो दोघी. मग माझ्या डोक्यात आलं की नेऊन बघू की खरंच, आणि जानेवारीत त्यांच्याकडे दिलं.

आणि प्रॉडक्टची सगळ्यात मोठी खोट तिथे कळली, जी मला अडीच महिन्यांत दिसली नव्हती. हे मशीन वायफाय असलेल्या माणसासाठी बनवलंय. वायफाय नसेल तर मागचे आकडे साठतच नाहीत, स्क्रीनवर आत्ताचा आकडा दिसेल तेवढाच, ग्राफ नाही, सरासरी नाही, काही नाही. मोबाईलचं हॉटस्पॉट सतत चालू ठेवलं तर चालतं, पण त्या घरात स्मार्टफोन एक, तो मावशींच्या मुलाबरोबर कामावर जातो. चार्जिंगला बोर्डावर एकच प्लग, त्यात टीव्ही. कंपनीच्या डोक्यात हे घर आलेलंच नाही. माझा जुना फोन त्यांना दिला होता, त्याचं नेट दोन दिवसांत संपलं, त्या दोन दिवसांत ॲपने एक नोटिफिकेशन पाठवलं, इंग्लिशमध्ये, मावशींच्या नातीने त्याचा अर्थ आजीला सांगितला की खिडक्या बंद करा आणि एअर प्युरिफायर लावा असं म्हणतंय. मावशी म्हणाल्या, "खिडकी कुठंय त्याला विचार आधी."

घर दहा बाय बाराचं, वर पत्रा, एक दार, पत्रा आणि भिंतीच्या मध्ये वीतभर फट. ती फट म्हणजेच खिडकी. दार लावलं तर उन्हाळ्यात जीव घाबरा होतो आणि उघडं ठेवलं तर समोरून ट्रक.

नेट संपल्यावर नातीने काय केलं तर वही काढली. नववीत आहे ती. शंभरपानी वहीत पट्टीने तीन रकाने आखले: किती वाजता, किती आकडा, काय चालू होतं. शाळेत नसेल तेव्हा जमेल तसं तासा-तासाला लिहिलं, न सांगता. तीन आठवड्यांनी वही माझ्या हातात आली तेव्हा मला ॲपमधल्या ग्राफची लाज वाटली. माझ्या ग्राफमध्ये रेषा वर जाते खाली येते, का गेली ते काही कळत नाही. तिच्या वहीत तो तिसरा रकाना आहे ना.

काही ओळी तशाच देते. पहाटे साडेपाच, ४१२, पाणी तापवलं. सकाळी आठ, १६५, काही नाही. संध्याकाळी सात, २३०, शेजारच्यांनी कचरा पेटवला. रात्री सव्वा आठ, २१२, पप्पा आले कपडे झटकले. रात्री साडेदहा, ६४०, अगरबत्ती.

कपडे झटकले हे मी तीनदा वाचलं. तिचे वडील वाशीला रिडेव्हलपमेंटच्या साइटवर आहेत, सिडकोच्या जुन्या बिल्डिंगी पाडून टॉवर चाललेत तिथे. आपण साइटच्या बाहेरून जाताना नाकाला रुमाल लावतो आणि पत्र्याचं कुंपण नीट लावलंय का यावरून तक्रार करतो, कुंपणाच्या आत जो दिवसभर उभा असतो तो ती धूळ अंगावर घेऊन घरी जातो आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाच वर्षांच्या पोराशेजारी शर्ट काढून झटकतो, कारण झटकायला दुसरी जागा नाही.

अगरबत्ती म्हणजे मच्छरची, गोल कॉइल. २००३ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, एक कॉइल पूर्ण जळली तर तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात. दार बंद, कॉइल चालू, सहा माणसं झोपलेली. म्हणजे कॉइल लावायची नाही का? नाल्याला लागून घर आहे, मलेरिया झाला तर कामाचे पंधरा दिवस जातात. त्यांनी हिशोब करूनच लावलीय ती, दहा रुपयांत मलेरिया टाळायचा हिशोब. त्या हिशोबात फुफ्फुस धरलेलं नाही एवढंच, आणि ते धरावं हे त्यांना सांगितलं कुणी?

पाण्याचंही तसंच. घरात गॅस आहे, पण सिलिंडर दीड महिना पुरवायचा असतो म्हणून त्यावर फक्त स्वयंपाक. आंघोळीचं पाणी दारात तीन विटांवर, सरपण म्हणजे एपीएमसी मार्केटमधून आणलेल्या फळांच्या लाकडी पेट्या, त्यावर प्लास्टिकची पट्टी असते ती काढत कोण बसणार पहाटे, तीपण जळते. कनेक्शन मिळालं की धूर संपला असं कागदावर होतं, दुसरा सिलिंडर कधी भरला ते कुठे मोजलं जातं.

आता तुम्ही म्हणाल की मग हे सगळं त्यांच्या घरातलंच झालं. नाही. काहीच चालू नसताना, तिने स्वतः 'काही नाही' लिहिलंय त्या ओळींमध्ये, आकडा १२० ते १७० आहे. त्याच दिवशी त्याच तासाला मी माझ्या फोनवर सरकारी समीर ॲप बघितलं तर नवी मुंबईच्या एका स्टेशनला एक्यूआय १६८, 'मध्यम', म्हणजे पीएम २.५ चं धरलं तर साधारण ८० मायक्रोग्रॅम. ॲप खोटं बोलत नाही, ते स्टेशन जिथे आहे तिथली हवा सांगतं. मावशी तिथे राहत नाहीत.

त्या राहतात कुठे ते नकाशात बघा. पश्चिमेला खाडी, पाम बीच रोड, मग सिडकोने आखलेले नोड (वाशी-कोपरखैरण्यासारख्या वसाहती), मग रेल्वे, मग ठाणे-बेलापूर रोड, त्यापलीकडे एमआयडीसी आणि मग पारसिकचा डोंगर, त्यात दगडाच्या खाणी. झोपडपट्ट्या बहुतेक कुठे, तर रस्ता आणि डोंगराच्या मध्ये. दिघा, रबाळे, तुर्भे. दिवसा वारा खाडीकडून येतो, आमच्या नोडवरून, हायवेवरून, कारखान्यांवरून आणि मग डोंगराला अडतो. थंडीत तर वाराच पडलेला असतो, जमिनीजवळची गार हवा वर जात नाही, धूर तिथेच. शहराचं डम्पिंगही तुर्भ्यालाच. आणि हो, कोपरखैरण्यातही एकेकाळी डम्पिंग होतं, त्यावर आता निसर्ग उद्यान आहे, मी तिथे सकाळी चालायला जाते. कचरा एका जागेवरून उठतो आणि दुसरीकडे जातो, जिथून उठतो तिथे बाग होते. जिथे जातो तिथे आधीपासून कोण राहतं हे बघायचं.

पण मीटरने दाखवलेलं एवढ्यावर थांबतं, आणि मला वाटतं मीटरची खरी मर्यादा ही आहे, दमट हवा वगैरे किरकोळ. ते हवा मोजतं. ती हवा कुणाच्या छातीत जातेय ते मोजत नाही.

डिसेंबरच्या एकाच आठवड्यात माझा मुलगा आणि मावशींचा नातू, दोघांना एकच दुखणं झालं. सर्दी, मग घरघर, मग धाप. माझ्याकडे काय झालं, रात्री नेब्युलायझर लावला, सकाळी डॉक्टरांना फोन, मी दोन दिवस घरून काम केलं, प्युरिफायर चालू, तिसऱ्या दिवशी पोरगं सोफ्यावर उड्या मारत होतं. एकूण खर्च हजाराच्या आत, पगार पूर्ण.

त्यांच्याकडे काय झालं. पहिले तीन दिवस गल्लीतल्या डॉक्टरचं इंजेक्शन आणि पिवळं औषध, रोजचे दीडशे. पंप दिला नाही, कारण पंपाची सवय लागते असं तिथे सगळ्यांना पक्कं माहीत आहे (सवयबिवय काही लागत नाही, आमच्या डॉक्टरांनी मला बसवून समजावलंय, तोंडातून घ्यायच्या औषधापेक्षा पंपात औषध कितीतरी कमी असतं आणि सरळ फुफ्फुसात जातं). चौथ्या रात्री पोराच्या बरगड्या आत ओढायला लागल्या तेव्हा रिक्षा करून मोठ्या दवाखान्यात नेलं, ॲडमिट, चार दिवस. सून त्याच्याजवळ, मावशी घरी बाकीच्यांचं बघायला, म्हणजे चार घरची कामं बंद. दोन घरांनी खाडे कापले, त्यातलं एक घर आमच्याच बिल्डिंगमधलं. मी नाही कापले हे लिहिताना छाती पुढे काढायचा हक्क मला नाही, दोन वर्षांपूर्वी त्या अशाच आजारी होत्या तेव्हा मी कापले होते, सहा दिवसांचे, आणि तेव्हा मला ते बरोबरच वाटलं होतं.

घरी येताना पंप दिला, तो नीट वापरला, संपला, पोरगं बरं दिसत होतं म्हणून नवा आणला नाही. दम्याचं औषध बरं वाटत असतानाच चालू ठेवायचं असतं, पण बरं असताना औषधाला पैसे काढणं कुठल्या बजेटमध्ये बसतं सांगा. परत घरघर झाली की परत तेच चक्र.

आणि त्या पोराची सुरुवातच वेगळी आहे. जन्मला तेव्हा दोन किलोचा. गरोदरपणी आई धुरात असली की बाळाचं वजन कमी भरतं हे आता डॉक्टर लोक उघड सांगतात, आणि कमी वजनाच्या बाळाचं फुफ्फुस आधीच कच्चं. त्यात लहान मुलं वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतात. त्यात खाणं म्हणजे चहा-बिस्किट, डाळ पातळ. मावशींचे मिस्टर खडीच्या खाणीत होते, नंतर टीबी झाला. दगडाच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात बसली की टीबी लवकर धरतो. बरे झाले ते, गोळ्या सरकारी, पूर्ण कोर्स केला, पण डाग पडलेलं फुफ्फुस ते तसंच राहतं आणि तेच फुफ्फुस रोज रात्री ६४० वाली हवा घेत होतं. (टीबीच्या पेशंटला पोषणासाठी आता महिन्याला १,००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते, यांच्या वेळी ५०० वालेच. ५०० रुपयांत महिन्याचं पोषण, अंडी रोज एक धरली तरी हिशोब करून बघा.)

म्हणजे हवा जास्त खराब, ती झेलायची ताकद कमी, आणि आजारी पडल्यावर उपचार उशिरा. तिन्ही एकाच घरात. माझ्या मुलाने तुर्भ्याची तीच हवा आठवडाभर घेतली तरी त्याचं तेवढं होणार नाही, आणि मावशींच्या नातवाला माझ्या हॉलमध्ये आणून बसवलं तरी त्याचं दोन किलोपासूनचं सगळं पुसलं जाणार नाही.

मोठे आकडे ज्यांना लागतात त्यांच्यासाठी, बाहेरच्या हवेमुळे २०१९ मध्ये जगात ४२ लाख अकाली मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यातले ८९ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. त्याच वर्षी आपल्या देशात घरातली-बाहेरची हवा धरून १६.७ लाख, हा लॅन्सेटमधल्या अभ्यासातला आकडा. पण यातल्या कुणाच्या सर्टिफिकेटवर हवा असं लिहिलेलं नसतं, दमा, न्यूमोनिया, हार्ट अटॅक असंच. लंडनला एक नऊ वर्षांची मुलगी होती, एला किस्सी-डेब्राह, मोठ्या रहदारीच्या रस्त्याजवळ घर, दम्याने २०१३ मध्ये गेली, तिच्या आईने पिच्छा पुरवला तेव्हा कुठे डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या कॉरोनरने (मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) मृत्यूच्या कारणात हवेचं प्रदूषण धरलं. लंडनमध्ये, एवढी लढणारी आई असून, सात वर्षं. मावशींच्या नातवाच्या डिस्चार्ज पेपरवर काय आहे तर 'व्हायरल'.

परत मशीनकडे. मला वाटलं आपण हुशार आहोत, एका रविवारी आमचा प्युरिफायरच रिक्षात घालून त्यांच्याकडे नेला. १३५ वरून एका तासात ११२, पुढे हलेना. गणित साधं आहे, प्युरिफायर खोलीतली तीच हवा फिरवून फिरवून गाळतो, आमच्या बेडरूममध्ये तासाला पाच-सहा वेळा, पण पत्र्याखालच्या फटीतून त्याहून कितीतरी वेगाने नवी हवा येत असेल तर तो रस्ताच गाळत बसतो. वर दोन-अडीच हजाराचा फिल्टर दरवर्षी. मावशींनी मशीनकडे बघून विचारलं केवढ्याला घेतलं, मी सांगितलं, त्या "बरं" म्हणाल्या. संध्याकाळी परत आणला, रिक्षावाल्याने जास्तीचे पैसे घेतले.

एक गंमतही सांगते. पहिल्या आठवड्यात रात्री तीनला अलार्म वाजला तर मावशींच्या मिस्टरांनी वैतागून मीटर पिठाच्या रिकाम्या डब्यात घालून झाकण लावलं. वहीत ओळ आहे, सकाळी सहा, ४, डब्यात होतं. अलार्म बंद करायचं बटण मागच्या बाजूला खाचेत आहे, टाचणीने दाबावं लागतं, हे मॅन्युअलमध्ये सतराव्या पानावर.

उपयोग झाला तो वहीचा झाला. वही वाचून त्यांनी स्वतःच तीन गोष्टी बदलल्या, मी सांगितल्या नाहीत. मच्छरदाणी आणली, साडेतीनशेची, कॉइल बंद, रात्रीचा आकडा ६०० वरून १३० च्या आसपास. पप्पांचे कपडे आता गल्लीच्या टोकाला नळापाशी झटकायचे. पेट्यांवरची प्लास्टिकची पट्टी नात आदल्या दिवशी काढून ठेवते. मात्र त्या १३० च्या खाली ते काही केल्या जात नाही, तो १३० त्यांच्या हातातला नाहीच, तो ट्रकचा आहे आणि साइटचा आहे आणि थोडा माझ्या ऑफिसच्या कॅबचाही असणार.

शेवटी दोन-तीन उरलेल्या गोष्टी. केबल सोबत येते पण ॲडॅप्टर नाही. बॅटरी वायफाय बंद ठेवल्यावर दीड दिवस जाते, चालू असताना सहा-सात तास, म्हणजे वायफाय नसलेल्या घराला एवढा एक फायदा. सेन्सरच्या जाळीत धूळ साचते, मऊ ब्रशने साफ करा, फुंकर मारू नका. कस्टमर केअरला मेल केला होता की ऑफलाइन आकडे साठवायची सोय द्या, उत्तर आलं की कृपया राउटर तपासा.

वर्षभरात सेन्सर किती टिकतो ते आत्ता सांगता येत नाही, कारण मशीन माझ्याकडे नाहीये. मागच्या आठवड्यात परत मागितलं तर नात म्हणाली होळीपर्यंत राहू दे ना काकू. स्क्रीनवर जास्तीत जास्त ९९९ पर्यंत आकडा येतो, होळी पेटल्यावर त्याच्यावर गेलं तर काय दिसतं ते तिला बघायचंय. मलाही बघायचंय. वहीतली ओळ मिळाली की इथे टाकते.